वेडिंग प्लॅनर नेमके कशाचे पैसे घेतो?

(एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचं लग्न ठरलंय आणि उरलेल्यांच्या घरात लग्न आहे, असं मला आयोजकांनी सांगितलंय. मी स्वतः लग्नांचं नियोजन करण्याच्या धंद्यात आहे. तेव्हा प्लॅनरबद्दल मी जे बोलणार ते थोडं माझ्याच धंद्याच्या बाजूनं असणार, हे धरूनच ऐका.

लोक आमच्याकडे येतात ते मोबाइलमध्ये फोटो घेऊन. दोन-दोनशे फोटो साठवलेले असतात. 'आम्हाला असं हवंय.' मी फोटो बघते आणि विचारते, पाहुणे किती? इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. आम्ही फुलांबद्दल बोलायला आलो आणि ही बाई डोकी मोजतेय! पण पाहुण्यांचा आकडा ठरल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही. जागा, जेवण, खुर्च्या, पार्किंग, सगळं त्या आकड्याला बांधलेलं असतं. सजावटसुद्धा, कारण फुलं शेवटी टेबलांवरच ठेवायची असतात आणि टेबलं पाहुण्यांवर ठरतात. १५० पाहुण्यांचं लग्न आणि ३०० पाहुण्यांचं लग्न यांत दुपटीचा फरक असतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती दोन निराळी लग्नं असतात. माणसं वाढली की मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची वेगळी सोय लागते, जेवणाच्या रांगा वाढवाव्या लागतात, गाड्या सांभाळायला माणसं लागतात. जो प्लॅनर पहिल्याच भेटीत आकडा आणि बजेट न विचारता थेट रंगसंगतीवर येतो, त्याच्याशी जरा जपून.

तर प्लॅनर पैसे कशाचे घेतो? माझ्या मते दोन कामांचे. तुम्ही घ्यायचे निर्णय योग्य क्रमानं आणि योग्य वेळी तुमच्यापुढे आणणं, हे पहिलं. आणि जे ठरलं ते त्या दिवशी घडवून आणण्याची जबाबदारी अंगावर घेणं, हे दुसरं. बाकी सुंदर दिसणारं जे काही असतं ते डेकोरेटर, केटरर, फोटोग्राफर, लाइटवाले यांचं काम असतं. काही प्लॅनर सजावटही स्वतःच करतात, पण तेव्हा ते दोन धंदे एकत्र करत असतात आणि बिलातही ते दोन ओळींत दिसले पाहिजेत.

या कामाचे साधारण तीन प्रकार आहेत. पूर्ण नियोजन म्हणजे जागा शोधण्यापासून शेवटची खुर्ची परत जाईपर्यंत सगळं. अर्धं नियोजन म्हणजे जागा आणि केटरर, डेकोरेटर अशी दोन-चार मुख्य कामांची माणसं तुम्ही ठरवलीत, पुढचं प्लॅनरनं बघायचं. आणि तिसरं, फक्त त्या दिवसाचं समन्वयन. या तिसऱ्याच्या नावावरून लोकांचा हमखास गैरसमज होतो. कोणीही सकाळी येऊन संध्याकाळचं लग्न सांभाळू शकत नाही. चांगला समन्वयक निदान ४ ते ६ आठवडे आधी सगळे करार वाचायला मागतो, प्रत्येक व्हेंडरला, म्हणजे केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर अशा पैसे घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाला, स्वतः फोन करतो आणि जागा पाहून येतो. 'आदल्या दिवशी भेटू' म्हणणाऱ्याला विचारा, मग फोटोग्राफर किती वाजता येणार हे तुम्हाला कळणार कधी?

'आमच्या हॉलचा मॅनेजर आहे की, मग प्लॅनर कशाला?' हा प्रश्नही नेहमीचा. मॅनेजर हॉलचा नोकर असतो. हॉलचे दिवे, हॉलच्या खुर्च्या, हॉलची वेळ, एवढं तो बघेल आणि चांगलं बघेल. तुमचा फोटोग्राफर ट्रॅफिकमध्ये अडकला तर ती त्याची डोकेदुखी नाही.

आता पैसे. फी तीन तऱ्हांनी घेतली जाते: ठरावीक रक्कम, एकूण खर्चाची टक्केवारी, किंवा तासावर. टक्केवारीत वाईट काही नाही, पण त्यातली मेख ओळखून ठेवा. तुमचा खर्च वाढला की त्याची फी वाढते. म्हणजे खर्च कमी करण्याची ज्याच्याकडून तुम्ही अपेक्षा ठेवता, त्याचंच नुकसान खर्च कमी करण्यात असतं. टक्केवारीच हवी असेल तर ती ठरलेल्या बजेटवर लावायची की प्रत्यक्ष खर्चावर, हे आधी लिहून घ्या. बजेटवर लावली तर ही मेख बरीचशी निघते.

दुसरी गोष्ट कमिशन. या धंद्यात व्हेंडरकडून प्लॅनरला कमिशन मिळतं, सगळ्यांना नाही, पण मिळतं. मी ते पाप मानत नाही. लपवणं मात्र पाप मानते. साधा प्रश्न विचारा: 'या लग्नातून आमच्याखेरीज आणखी कोणाकडून तुम्हाला पैसे मिळणार आहेत का?' सरळ उत्तर देणारा कमिशन घेत असला तरी चालेल, कारण मग तुम्ही भाव करू शकता. जो हसून विषय बदलतो, तो प्रत्येक कामासाठी एकाच केटररचं आणि एकाच डेकोरेटरचं कोटेशन आणेल. मोठ्या कामांना निदान दोन-तीन कोटेशनं मागा आणि व्हेंडरची मूळ बिलं बघायला मिळतील हे करारात घाला.

आणि करार कोणाच्या नावावर? हे फारसं कोणी विचारत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. प्लॅनरनं सगळ्या व्हेंडरशी स्वतःच्या नावानं करार केले आणि अॅडव्हान्सही त्याच्याच हातून गेला, तर केटररच्या लेखी गिऱ्हाईक तो असतो, तुम्ही नसता. उद्या तुमचं आणि प्लॅनरचं फाटलं, तर केटरर तुम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाही. भाव प्लॅनरनं करावा, कागद त्यानं तपासावा, पण जागा आणि जेवण यांच्या करारावर तरी सही तुमची असावी आणि पावती तुमच्या नावाची. सगळं एकाच पॅकेजमध्ये घेत असाल तर मग प्लॅनर कोणाला किती आणि कधी देणार, याचं वेळापत्रक मागा.

लग्न रद्द झालं किंवा पुढे गेलं तर काय, हे कलम २०२० च्या आधी कोणी वाचत नव्हतं. कोविडमध्ये जगभर लग्नं पुढे ढकलली गेली आणि लोकांना कळलं की रद्द करणं आणि तारीख बदलणं या करारात दोन वेगळ्या गोष्टी असतात. तारीख बदलली तर दिलेला अॅडव्हान्स वळता होतो का? नव्या तारखेला प्लॅनर मोकळा नसेल तर? आणि प्लॅनरच आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येणार, त्या माणसाचं नाव काय? त्या दिवशी तो आणखी एखादं लग्न घेतोय का, हेही इथेच विचारून टाका.

आता माझ्या आवडीचा भाग, त्या दिवसाचं वेळापत्रक. प्लॅनर चांगला की वाईट हे ओळखायला मला त्याच्या कामाचे फोटो लागत नाहीत, त्याचं एक जुनं वेळापत्रक पुरतं. 'सायंकाळी ६ विधी, ८ जेवण' असलं कागदावर असेल तर ती निमंत्रणपत्रिका झाली. खरं वेळापत्रक उलटं मोजत जातं. ६ ला विधी, म्हणजे पाहुणे ५.३० पासून येणार, म्हणजे माइकची चाचणी ५ च्या आत, म्हणजे त्याआधी फुलं झालेली हवीत. फुलांच्या आधी दिवे, कारण दिवे लावायला शिडी लागते आणि शिडी मांडलेल्या टेबलांमधून नेली की काही ना काही पडतंच. दिव्यांच्या आधी स्टेजचा सांगाडा. आणि हॉलला सामानाची लिफ्ट एकच असेल, तर तिन्ही टेम्पो एकाच वेळी दारात उभे राहून चालणार नाही. हे प्रत्येक टेम्पोच्या वेळेसकट लिहिलेलं असतं तेव्हा मला तो माणूस विश्वासाचा वाटतो.

ग्रुप फोटोंचं घ्या. याद्या करताना घरोघरी उत्साह असतो: मामांकडचे, आत्यांकडचे, ऑफिसचे, शाळेचे. एका ग्रुपला माणसं गोळा करून उभी करण्यात ३ मिनिटं तरी जातातच. २० ग्रुप म्हणजे १ तास. आणि तो तास वेळापत्रकात नसेल तर पाहुण्यांच्या जेवणातून जातो. प्लॅनरनं हे तुम्हाला आधी सांगायचं, यादी १२ वर आणायला लावायची आणि त्या दिवशी पुढचा ग्रुप बाजूला जमवून ठेवायला एक माणूस उभा करायचा. मेकअपचंही तसंच. एकच मेकअप आर्टिस्ट आणि पाच जणी, प्रत्येकीला ४५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. वधूचा नंबर शेवटचा नको, शेवटून दुसरा ठेवायचा, म्हणजे उशीर झालाच तर तो तिच्या वाट्याला येत नाही.

उघड्यावरचं लग्न असेल तर 'पाऊस आला तर आत घेऊ' हे उत्तर ऐकून घेऊ नका. विचारा: निर्णय कोण घेणार आणि किती वाजेपर्यंत? सामान आत हलवायला ४ तास लागत असतील तर ६ च्या विधीसाठी दुपारी १ ही शेवटची वेळ धरायला हवी. ती ठरवलेली नसेल तर ५ वाजेपर्यंत सगळे आभाळाकडे बघत बसतात.

काय मागू नये, तेही सांगते. घरातली भांडणं मिटवणं आमच्या कामात बसत नाही. कोणाला बोलवायचं, कोणाला पहिल्या रांगेत बसवायचं, हे घरात ठरवून आम्हाला एका माणसानं सांगावं. चार जणांनी चार तऱ्हेनं सांगितलं तर आम्ही ज्यानं चेक दिला त्याचं ऐकतो, आणि मग रुसवेफुगवे सुरू होतात. प्लॅनर घेतला की पैसे वाचतात, असंही सरसकट समजू नका. वाया जाणारे काही पैसे वाचतात, पण फी हाही खर्चच आहे. आणि रात्री ११ ला फोन उचलणं हे तो आधी कबूल झाला असेल तरच.

एका बाईंनी विचारलंय, शेवटचा हप्ता कधी द्यावा. बहुतेक प्लॅनर लग्नाच्या आधीच सगळे पैसे घेतात, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नाही, कारण नंतर पैसे काढणं अवघड असतं. तरी थोडा भाग मागे ठेवायची बोलणी करून बघा. कारण लग्न झाल्यावरही काम उरतं. भाड्यानं आणलेलं सामान मोजून परत करायचं असतं, व्हेंडरची उरलेली रक्कम त्याच रात्री द्यायची असते, ती पाकिटं आधीच भरून, नाव घालून एकाच माणसाकडे ठेवा. आणि जागेची अनामत रक्कम. निघताना मॅनेजरला सोबत घेऊन हॉलचे फोटो काढा, मोडतोड नाही असं तिथेच लिहून घ्या आणि ती रक्कम कोणाच्या खात्यात, किती दिवसांत परत येणार, हे प्लॅनरच्या करारात आधीच टाकून ठेवा.