कुल्ही, करवत आणि दुसरा पाइप

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘घरगुती मत्स्यटाकीचे पाइपिंग’ असा छापलाय. त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी एका कुल्हीची गोष्ट. ज्यांनी ती आधी ऐकलीये त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं. बघा, आमच्या सौ. उठल्यासुद्धा.

कुल्ही लोच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाळली असेल. आग्नेय आशियातला मासा, बोटाएवढा लांब, अंगावर पिवळे-काळे पट्टे, आणि वळवळ अशी की पाहुणे विचारतात, ‘साप पाळलाय का हो?’ दिवसा दिसेल तर शपथ. दुकानदाराने मला आठ मोजून दिल्या होत्या. त्यानंतर आठच्या आठ एकदम आमच्या घरात कुणालाही दिसलेल्या नाहीत. पैसे दिलेत म्हणजे असतील, एवढ्यावर चालायचं.

टाकी चार बाय दीड फुटांची, खाली कपाटात संप, म्हणजे दुसरी छोटी टाकी: वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा, म्हणजे जादा पाणी ओसंडून पडायचा डबा, डब्याच्या काठाला दाते, डब्यातून एक इंची पाइप खाली, मध्ये बॉल व्हॉल्व्ह. दात्यांमधून एंजल मासा जात नाही म्हणून मी निर्धास्त होतो. कुल्हीला तीच फट म्हणजे वेस. आणि पाण्याचा आवाज कमी व्हावा म्हणून तो व्हॉल्व्ह मी अर्धा बंद ठेवलेला. वर्षभर.

एका रविवारी सकाळी पाइप घसा खाकरायला लागला. डब्यातलं पाणी चढलेलं. पान अडकलं असेल म्हणून पंप बंद केला. प्लंबर आला, म्हणाला तार घालू. शेजारच्या काकांनी मोरी मोकळी करायची पावडर आणून दिली. हेतू शुद्ध होता. इतक्यात मुलीने पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च पाइपाला चिकटवला. पांढऱ्या पीव्हीसीतून उजेड झिरपतो. त्या उजेडात व्हॉल्व्हच्या वर चार बोटं लांब सावली. आणि सावली हलली. ‘बाबा, तार नको!’

तार का नको, तर या कुळातल्या माशांच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. मासा घाबरला की तो काटा उभा राहतो. म्हणूनच कुल्ही जाळीने पकडू नये, जाळीत अडकते, मगाने घ्यावी. अरुंद जागी डोकं खाली करून बसलेल्या माशाला शेपटीला धरून ओढलंत, तर काट्यासकट ओढाल. दुसरं, घाई नव्हती. यांच्या भाऊबंदांतले कित्येक मासे तोंडाने हवा गिळून आतड्यातून प्राणवायू घेतात. युरोपात असाच एक लोच हवामान बदलायच्या आधी चुळबुळतो म्हणून लोक पूर्वी बरणीत पाळायचे. वेधशाळाच! असो. पाइप ओला ठेवायचा, दर दोन मिनिटांनी मगभर टाकीचं पाणी ओतायचं, एवढंच काम.

तेव्हा सौ. म्हणाल्या, ‘अहो, तो व्हॉल्व्हच पूर्ण उघडला तर?’ सगळे गप्प. प्लंबरही. मी दांडी फिरवली, तर क्षार चढून ती घट्ट. पक्कड लावली आणि दांडी हातात आली.

आता युनियन, म्हणजे आट्यांचा सुटणारा जोड, असती तर तेवढा तुकडा हाताने फिरवून सुटला असता. टाकी बसवताना मी म्हटलं होतं हो! पण ज्याने बसवली तो म्हणाला, ‘साहेब, गळती नको ना?’ आणि सांध्यासांध्याला सोल्युशन फासून मोकळा झाला. सोल्युशन लावलेला सांधा सोडवायला एकच अवजार, करवत. आम्ही सावलीच्या वर आणि व्हॉल्व्हच्या खाली कापलं. तो तुकडा टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत आडवा ठेवला, वर टॉवेल टाकला आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. ओढाओढ काही नाही. पंधरा मिनिटांनी टॉवेल उचलला तर कुल्ही बादलीच्या तळाशी. नाकावरची कातडी थोडी सोललेली, बाकी ठणठणीत. तिच्या शेजारी दुसरी. ती हरवल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पाइपिंग.

जाळी पाइपाच्या तोंडावर लावा, डब्याच्या आत. डब्यात उतरलेला मासा मगाने काढता येतो, पाइपातला नाही. पण जाळी तुंबते, आणि तुंबली की पाणी घरभर. म्हणून डब्यात दुसरा पाइप हवाच: तोंड थोडं उंचावर, व्हॉल्व्ह नाही, एरवी कोरडा. पहिला तुंबला की हा वाहू लागतो. आजच्या सबंध भाषणात मला सांगायचं होतं ते हेच, आणि त्याला एवढीच मिनिटं उरली. पहिल्या पाइपावर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, आणि व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा फिरवायचा.

वीज गेली की वर चढवणाऱ्या पाइपातून पाणी उलटं संपमध्ये येतं. चार बाय दीडच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे अर्धा घनफूट, 14 लिटर. पाइपाचं तोंड दोन इंच बुडालेलं असेल तर 28 लिटर, शिवाय डब्यातलं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा, आणि त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा. तिथे हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. भोक अधूनमधून तपासा, गोगलगाई तिथेच बसतात. पंपाचा जोर कमी करायचा तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, मागे नाही. त्याची कारणं... राहू दे, दिवे मालवायला सुरुवात झालीये.

एकच प्रश्न घेतो. हो, मागच्या ताई. आता किती आहेत? आठ. काल रात्री टॉर्च मारला तेव्हा पाच दिसल्या.