बार खाली ठेवताना

नमस्कार श्रोतेहो.

जमिनीवरचा वजनाचा बार दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं, याला म्हणतात डेडलिफ्ट. नवखी माणसं सगळा जोर उचलण्यावर लावतात. बार वर आला की काम संपलं असं समजून तो कसाही खाली नेतात, आणि नेमकी तिथेच कंबर धरते. म्हणून आज मला जास्त बोलायचंय ते या परतीच्या वाटेबद्दल.

उचलणं आधी सांगतो. पावलं कंबरेच्या रुंदीइतकी लांब. बार बुटाच्या नाड्यांवर, नडगीपासून इंचभर पुढे. खाली झुकून तो पायांच्या लगेच बाहेरून धरा. नडग्या बारला टेकेपर्यंत गुडघे वाकवा, पण बार जागचा हलवू नका. छाती पुढे, पाठ सरळ. श्वास भरून पोट घट्ट करा, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं. हिसका नको. हात ताणून घ्या आणि पायांनी जमीन खाली ढकला. बार पायांना लागूनच वर यावा. सरळ उभे राहिलात की थांबा, मागे रेलू नका.

आता परत येताना पहिल्यांदा काय हलायला हवं? गुडघे नव्हे, नितंब. दोन्ही हातांत सामान असलं की आपण मागचं दार पार्श्वभागाने लोटतो ना, अगदी तसे ते मागे न्या. बार मांड्यांवरून घसरत खाली येईल. तो गुडघ्यांच्या खाली गेल्यावरच गुडघे वाकवा. आधी वाकवलेत तर गुडघे बारच्या आड येतात आणि बारला वळसा घालून अंगापासून पुढे जावं लागतं. त्याने काय बिघडतं ते बघायचंय? भरलेली बादली अंगालगत धरा, मग हात लांब करून धरा. कंबरेला काय होतं ते लगेच कळेल. बार जमिनीला टेकेपर्यंत पोट सैल सोडू नका. टेकला की नवा श्वास घ्या, मगच पुढची खेप. आपटून उसळी घेऊ नका.

आणखी एक. मोठ्या प्लेटचा, म्हणजे बारला लावायच्या वजनाच्या चकतीचा, व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. लहान प्लेट्स लावल्या की तो खाली जातो आणि पाठ गोल होते. तेव्हा प्लेट्सखाली भक्कम आधार ठेवून बार तेवढ्याच उंचीवर आणा. पाठीचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवात मात्र काठीने करा. ती पाठीवर उभी धरा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्हींना टेकलेली. नितंब मागे नेत झुका. तिन्हींपैकी एकाही जागेवरून काठी सुटली नाही, तरच बारकडे वळा.