जोड्या शाबूत, वाट बंद

(कोल्हापुरात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी आणि जिज्ञासू नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

विषय अतिसंवाहकतेचा, म्हणजे विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होण्याचा असला तरी सुरुवात हुपरीपासून करतो. हुपरीचे कारागीर जी चांदी हाताळतात, ती नेहमीच्या तापमानाला विजेची सर्वांत उत्तम वाहक आहे आणि तांबे तिच्या पाठोपाठ येते. तरीही हे दोन्ही शुद्ध धातू कितीही थंड केले तरी त्यांचा रोध शून्य झालेला आजवर कोणी पाहिलेला नाही. उलट पारा, शिसे, कथील यांना वाहक म्हणून कोणी फारशी किंमत देत नाही; पण १९११ साली लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांना पाऱ्याचाच रोध ४.२ केल्विनच्या, म्हणजे परम शून्याच्या जरासे वरच्या तापमानाच्या आसपास एकाएकी नाहीसा झालेला आढळला. यात विरोधाभास वाटतो, पण तो वरवरचा आहे. अणूंच्या जाळीची कंपने आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील ज्या देवाणघेवाणीमुळे नेहमीच्या तापमानाला रोध वाढतो, तीच देवाणघेवाण कमी तापमानाला इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमवते. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा हा गाभा आहे. मात्र जोड्या जमणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या असंख्य जोड्यांनी एकाच तरंगाचे रूप घ्यावे लागते, म्हणजे त्या सर्वांची कला (तरंग चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) एक असावी लागते. लेझमीच्या ताफ्यातील प्रत्येक जण आपापल्या ठेक्यात अचूक असला तरी सगळ्यांचा ठेका एक नसेल, तर त्याला ताफा म्हणता येत नाही. आजचे व्याख्यान जोडी आणि ठेका यांच्यातील या अंतराविषयी आहे.

पदार्थात भेसळ केली, अणूंची मांडणी विस्कटली, तर अतिसंवाहकतेचे काय होते? फिलिप अँडरसन यांनी या प्रश्नाला वर्षभराच्या अंतराने दोन उत्तरे दिली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. १९५८ मध्ये त्यांनी दाखवले की अव्यवस्था पुरेशी तीव्र असेल तर इलेक्ट्रॉनचा तरंग जागच्या जागी अडकतो आणि पदार्थ निरोधक, म्हणजे वीज वाहू न देणारा बनतो. १९५९ मध्ये त्यांनी म्हटले की चुंबकीय गुण नसलेल्या अशुद्धीमुळे अतिसंवाहकतेचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली रोध नाहीसा होतो ते तापमान, फारसे बदलत नाही. दुसरे विधान सौम्य अव्यवस्थेपुरते खरे आहे. पण अव्यवस्था वाढवतच नेली तर पहिले विधान केव्हातरी आडवे येणारच. पातळ थरांत तर पेच आणखी घट्ट होतो, कारण १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्देलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन यांनी दाखवून दिले की इलेक्ट्रॉनांची परस्परांतील आंतरक्रिया बाजूला ठेवली, तर द्विमितीत, म्हणजे जाडी नगण्य असलेल्या थरात, थोडीशीही अव्यवस्था धातूला शून्य तापमानाशी धातू राहू देत नाही. मग अतिसंवाहक थर बिघडत गेला तर मध्ये धातूचा टप्पा न लागता तो थेट निरोधक व्हायला हवा.

शिवाजी विद्यापीठाच्या या गावात पातळ थर म्हणजे काय हे समजावणे जरा धाडसाचेच ठरेल. द्रावणाची फवारणी करून तापलेल्या काचेवर थर बसवणारे अनेक हात इथे तयार झाले आहेत. म्हणून मी फक्त रोध मोजण्यातील एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो. तारेचा रोध तिच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असतो. पण ठरावीक जाडीच्या थरातून चौरस तुकडा कापला, तर तो टपाल तिकिटाएवढा असो की या फळ्याएवढा, त्याचा रोध तेवढाच येतो, कारण लांबी जितकी वाढते तितकीच रुंदीही वाढते आणि दोन्ही एकमेकांना छेदून जातात. द्विमितीत रोधाला असे आकारनिरपेक्ष मूल्य असते, आणि म्हणूनच तेथे निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांतून घडलेला एखादा आकडा डोके वर काढेल अशी अपेक्षा बाळगता येते.

१९८९ मध्ये हॅविलंड, लिऊ आणि गोल्डमन यांनी मिनेसोटा विद्यापीठात केलेला प्रयोग मला अजूनही मोहवतो. त्यांनी अतिशीत पृष्ठावर आधी जर्मेनियमचा थर दिला, त्यावर बिस्मथ अगदी कणाकणाने बसवत नेले आणि प्रत्येक वाढीनंतर नमुना बाहेर न काढता त्याच जागी रोध मोजला. जाडी सुमारे ४ अँगस्ट्रॉमपासून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) ७४ अँगस्ट्रॉमपर्यंत गेली. सर्वांत पातळ थरांचा रोध तापमान उतरताना चढत गेला, जाड थरांचा रोध शून्यावर आला, आणि या दोन घराण्यांच्या मधोमध जणू पाणलोटाची रेषा होती. तिच्या अलीकडचा प्रत्येक वक्र वर जातो, पलीकडचा खाली. त्या रेषेवरील रोध प्रति चौरस ६.४५ किलोओहमच्या जवळपास होता.

याला क्वांटम अवस्थांतर म्हणतात, ते का ते थोडे सावकाश पाहू. बर्फाचे पाणी होते ते उष्णतेच्या हालचालीमुळे. शून्य केल्विनला ती हालचाल थांबते, तरीही जाडी किंवा चुंबकीय क्षेत्र बदलून पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. तो तसा जातो याला अनिश्चिततेचे तत्त्व कारणीभूत आहे. अतिसंवाहक पदार्थाच्या एखाद्या लहानशा भागात किती जोड्या आहेत आणि त्यांची कला काय आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी निश्चित असू शकत नाहीत. कला पक्की करायची तर जोड्यांना मोकळेपणी ये-जा करू द्यावी लागते, मग संख्या डळमळते. संख्या पक्की झाली, म्हणजे जोड्या आपापल्या जागी बसल्या, की कला विस्कटते. जोडीला शेजारच्या भागात उडी मारू देणारी ऊर्जा आणि एका भागात जादा विद्युतभार साठवायला लागणारी ऊर्जा, यांत जी वरचढ ठरेल त्यावर पदार्थाची अवस्था ठरते.

पंचगंगेच्या पुराचे चित्र येथे उपयोगी पडते. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. उंचावरच्या वस्त्यांत घरे शाबूत होती, माणसे होती, चुली पेटत होत्या. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येत नव्हते. अति विस्कळीत थरातही जोड्यांची अशीच बेटे शिल्लक राहतात, हे अमित घोसाल, मोहित रंदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखवले होते. मात्र हे चित्र ताणू नये. पुरात रस्ता एकतर असतो किंवा नसतो. थरात जोडी दोन बेटांमधली दरी क्वांटम नियमांनी ओलांडू शकते, आणि वाट खरोखर बंद होते ती बेटांच्या कला एकमेकींशी जुळेनाशा झाल्यावर.

आता ६.४५ किलोओहमकडे येतो. मॅथ्यू फिशर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा सारांश असा. थरातून जोड्या वाहतात तसेच चुंबकीय भोवरेही, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ज्यांतून थर भेदून जाते ती प्रवाहाची सूक्ष्म वर्तुळे, आडवे सरकतात. प्रत्येक जोडीचा भार इलेक्ट्रॉनच्या दुप्पट असतो, तेव्हा सेकंदाला किती जोड्या गेल्या यावरून विद्युतप्रवाह मिळतो. प्रत्येक भोवऱ्यासोबत प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराची दुप्पट, इतका चुंबकीय प्रवाह असतो, तेव्हा सेकंदाला किती भोवरे आडवे गेले यावरून विभवांतर (व्होल्टेज) मिळते. अतिसंवाहकात भोवरे अडकलेले आणि जोड्या मोकळ्या असतात. निरोधकात जोड्या अडकलेल्या आणि भोवरे मोकळे असतात. नेमक्या सीमेवर दोघांचा मान सारखा मानला, म्हणजे एका जोडीमागे एक भोवरा, तर विभवांतराला प्रवाहाने भागल्यावर प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराच्या वर्गाची चौपट एवढेच उरते. हिशेब केला की ६,४५३ ओहम येतात. हा युक्तिवाद इतका सुबक आहे की तो सर्वत्र खरा ठरावा असे कोणालाही वाटेल. पण पुढे इंडियम ऑक्साइड, टायटॅनियम नायट्राइड अशा वेगवेगळ्या पदार्थांत सीमेवरचे रोध मोजले गेले तेव्हा ते काही ठिकाणी बरेच कमी, काही ठिकाणी बरेच जास्त निघाले. माझे मत असे की हा आकडा अचूक समतोलाच्या आदर्श स्थितीचा आहे. प्रत्येक थराने तो पाळावा हा आग्रह धरू नये. काही एकसारख्या अस्फटिकी थरांत तर गोष्टच निराळी असते. अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉनांतील प्रतिकर्षण तीव्र होते आणि जोडी जमण्याचीच शक्ती क्षीण होते, असा फिंकेलश्टाइन यांचा सिद्धांत आहे. तेथे बेटे आणि ठेके यांची भाषा लागू पडत नाही.

निरोधकात खरोखर जोड्या असतात याला पुरावा काय? मला सर्वांत पटलेला पुरावा २००७ चा आहे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या पृष्ठावर बिस्मथचा थर बसवला, इतका पातळ की तो निरोधक होता. चुंबकीय क्षेत्र वाढवताना त्याचा रोध वर-खाली होत राहिला आणि त्या हेलकाव्यांचा आवर्त दुप्पट भाराच्या वाहकाला शोभणारा निघाला, एकट्या इलेक्ट्रॉनला नव्हे. दुसरा पुरावा इंडियम ऑक्साइडचा: क्षेत्र वाढवले की थर निरोधक होतो, रोध प्रचंड चढतो, पण क्षेत्र आणखी वाढवले की तो पुन्हा उतरू लागतो. याचा एक सरळ अर्थ असा की तीव्र क्षेत्रात जोड्या तुटतात आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन वहनाला अधिक सोपे जातात. तिसरा पुरावा आपल्याकडचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या थरांवर दीर्घकाळ काम केले. हा पदार्थ स्वच्छ असताना १६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. अव्यवस्था वाढवली की हे तापमान झपाट्याने घसरते. पण रोध शून्य नसलेल्या तापमानालाही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांतील फट, म्हणजे जोडी जमल्याची खूण, त्यांना दिसत राहिली.

शेवटी एका चालू वादाविषयी बोलतो. काही थरांत तापमान उतरवत नेले तरी रोध शून्यही होत नाही आणि वाढतही नाही. तो मध्येच एका मूल्यावर थबकतो. ही धातूची नवीच अवस्था आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये इंडियम ऑक्साइडच्या थरांवर मोजमाप करताना बाहेरून तारांतून शिरणारा उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट गाळण्यांनी (फिल्टरांनी) अडवला गेला, तेव्हा ते थबकणे नाहीसे झाले आणि रोध पुन्हा उतरू लागला. शीतक यंत्र शून्याच्या वर काही सहस्रांश केल्विन दाखवत असते, पण तारांतून आलेली किंचित ऊर्जा इलेक्ट्रॉनांना त्याहून उबदार ठेवू शकते. यावरून सर्वच पदार्थांतील असे धातू खोटे ठरत नाहीत. तरी रोध थबकल्याचा आलेख कोणी माझ्यापुढे ठेवला की आधी मी तारांवर कोणत्या गाळण्या होत्या ते विचारतो, आणि सिद्धांताची चर्चा त्यानंतर सुरू करतो.