दाणा भरायच्या दिवसांत

(दृश्य : चिमटा आणि गव्हाची ओंबी, अगदी जवळून)

वरची-खालची फुलं कात्रीने छाटून टाकली आहेत. मधली राहिली त्यांतून आता चिमट्याने परागकोश काढायचे. प्रत्येक फुलात तीन, आणि तेही पिवळे पडायच्या आत. गव्हाचं परागण त्याच फुलात होतं. एक जरी मागे राहिला तरी तिथे जुन्याच वाणाचा दाणा धरतो. मग ओंबीवर कागदी पिशवी, देठाला तारखेची चिठ्ठी. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून या ओंबीवर झटकायचे. इतकं करून हाती येतात मोजके दाणे. त्यांतून शेतकऱ्यासाठी नवं वाण उभं राहायला आठ-दहा वर्षं जातात.

इंदूरचं हे गहू संशोधन केंद्र भारतीय कृषी संशोधन संस्थेचं. मालवशक्ती, पूर्णा, पुसा तेजस ही वाणं इथलीच. माळव्याच्या काळ्या मातीत काम करणाऱ्या या हातांबद्दल शहरात फारसं कुणी बोलत नाही. बोलायला हवं.

(दृश्य : छावनी धान्य मंडी)

व्यापारी पोत्यात नमुना काढायची परखी खुपसतो, दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारतो. भाव तिथेच ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा भरत असताना गारवा टिकला तर तो सावकाश, टपोरा भरतो. पारा तिशी ओलांडून चढत गेला की पानं लवकर वाळतात, दाण्यात पिष्ट साठणं मंदावतं आणि दाणा चिमतो. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या उन्हाने पीक घटलं आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. काही राज्यांत रेशनवर गव्हाच्या जागी तांदूळ आला.

(दृश्य : मराठी घरातली ओसरी, सूप, चाळणी, पत्र्याची कोठी)

वर्षाचा गहू भरायचे दिवस. पाखडून, निवडून, एरंडेल चोळून तो कोठीत जातो. चिमलेला दाणा चाळणीतूनच खाली पडतो.

(दृश्य : केंद्रातला उशिरा पेरलेला पट्टा)

हा गहू मुद्दाम उशिरा पेरला आहे, दाणा भरताना उन्हात सापडावा म्हणून. या उन्हातही ज्याचा दाणा भरतो, ते वाण पुढच्या चाचणीला जातं. पुसा अहिल्या हे उशिरा पेरणीसाठीचं, दाणा भरतानाची, हंगामाच्या शेवटची उष्णता सोसणारं वाण इथलंच. इंदूरच्या आसपास सोयाबीननंतर बटाटा आणि बटाटा काढून गहू घेणारे शेतकरी आहेत. त्यांचा गहू नेमका या उन्हात सापडतो. त्यांच्यासाठी असं बियाणं बटाटा निघायच्या आधी गावच्या सोसायटीत येऊन पडलेलं असायला हवं. शेत मोकळं झालं की पेरणी थांबत नाही. नवं बी हाताशी नसेल, तर घरचं जुनंच पेरलं जातं.