घाट सुटला काय?

नमस्कार श्रोतेहो.

चिपळुणात पावसाळ्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, पाणी किती चढलं? 2022 च्या उन्हाळ्यात मात्र आमच्या बसथांब्यावर दुसराच प्रश्न सुरू झाला. घाट सुटला काय?

घाट म्हणजे परशुराम घाट. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण आणि लोटे यांच्या मधला. वर परशुराम, खाली पेढे गाव. मी राहते चिपळुणात आणि नोकरीला लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. चौपदरीकरणासाठी तिथला डोंगर कापायचा होता. वरून पोकलेननं दगड सुटला तर खालून जाणाऱ्या गाड्यांवरच यायचा, म्हणून त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत घाट रोज दुपारी 12 ते संध्याकाळी 5 बंद ठेवायचं ठरलं. पुढच्या वर्षी, 2023 च्या उन्हाळ्यात, पुन्हा तेच.

कागदावर हे पाच तास निरुपद्रवी दिसतात. सकाळी जा, संध्याकाळी या. पण लोटे शिफ्टवर चालतं. पहिली शिफ्ट सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. म्हणजे एका शिफ्टचं सुटणं आणि दुसरीचं भरणं, दोन्ही नेमकी बंदच्या वेळात. दुसऱ्या शिफ्टची मंडळी मग अकरालाच घरून निघायची, बाराच्या आत घाट चढायची आणि तीनपर्यंत कॅन्टीनच्या पत्र्याखाली बसून राहायची. आठ तासांची नोकरी अकरा तासांची झाली, पगार आठचाच. आम्ही पहिल्या शिफ्टवाले तीनला मोकळे व्हायचो आणि पाचपर्यंत तिथेच. आमच्या बसचे ड्रायव्हर, त्यांना सगळे मामाच म्हणतात, ते सांगायचे, "मॅडम, पाचला सोडतील म्हणजे सव्वापाच धरा. आधी आंब्याच्या गाड्या काढतील."

आंब्याच्या गाड्यांबद्दल आमची तक्रार नव्हती. हापूसच्या पेट्या भर उन्हात ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या तर वाशीला पोचेपर्यंत त्यांचं काय होतं हे इथे पोरांनाही कळतं. हळूहळू बागायतदारांनी पेट्या भरायची वेळच बदलली.

ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांना दुसरी वाट होती. लोट्याहून चिरणी, आंबडस करत चिपळूण. मोठ्या गाड्या त्या रस्त्यानं न्यायच्या नव्हत्या, म्हणून आमची बस अडकायची. चार दिवस थांबून मीही कंटाळले आणि एका मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून त्या वाटेनं गेले.

तो गावचा रस्ता. समोरून चारचाकी आली की एकानं रस्त्याखाली उतरायचं. आणि महिना एप्रिलचा, म्हणजे घराघरांतून आमसुलं, फणसाचे पापड, साटं असं काय काय वाळत घातलेलं. महामार्गावरचे आम्ही सगळे तिथून धुरळा उडवत चाललेलो. एका घरापुढे आजी हातानं खूण करून प्रत्येक गाडी हळू करायला लावत होत्या. माझी मैत्रीण थांबली तर म्हणाल्या, "तुमचा घाट झाला की सांगा गो. माझी सोलं आता तुमच्या रस्त्याच्या मातीनं लाल व्हतायत." दोन दिवसांनी गेलो तर सोलं घरामागे हलवलेली आणि अंगणात एक टेबल, त्यावर कोकम सरबताचे ग्लास. नातू पैसे घेत होता. मी दोन ग्लास प्यायले. खरं सांगायचं तर एक लाज वाटून प्यायले.

कारण आम्ही "जुळवून घेतलं, जुळवून घेतलं" म्हणत होतो, पण त्यातलं बरंच आम्ही दुसऱ्यांच्या अंगणातून नेत होतो. आणि ज्यांना जुळवूनच घेता येत नव्हतं त्यांचं काय? एसटीनं दवाखान्यात निघालेली माणसं, खेडला कोर्टाची तारीख असलेला म्हातारा. आमच्याकडे निदान व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. "घाट सुटला काय" हेच त्याचं नाव. वरच्या वळणावर टपरी असलेला एक जण त्यात होता. त्याचा अंगठा आला की वाट मोकळी. कोणत्याही सरकारी सूचनेपेक्षा आमचा त्या अंगठ्यावर विश्वास जास्त.

पावसाळ्यात कापलेल्या डोंगराची लाल माती रस्त्यावर यायची आणि एकाच बाजूनं गाड्या सोडायचे. सव्वासहाची आमची बस त्यामुळे पावणेसहाला आणली गेली. पावणेसहाची बस म्हणजे साडेचारचा गजर, अंधारात कुकर, आणि झोपलेल्या मुलाच्या उशाशी ठेवलेला डबा. माझ्या सासूबाईंनी तेव्हापासून भाजी रात्रीच चिरून ठेवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं.

आता घाटात चौपदरी काँक्रीट झालंय. जोराच्या पावसात मामा अजूनही एकदा वर डोंगराकडे बघून घेतात, पण एरवी बस भराभर चढते. बसची वेळ मात्र कुणी मागे नेली नाही. अजून पावणेसहाच. त्यामुळे रोज आम्ही अर्धा तास आधी पोचतो आणि फाटक उघडेपर्यंत बाहेरच्या टपरीवर चहा पीत बसतो. परवा मी मामांना म्हटलं, आता सव्वासहाला निघूया की. मामांनी कप खाली ठेवला.

"राहू दे मॅडम," म्हणाले, "पुढे सर्व्हिस रोडचं काम काढणारेत म्हणे."

नमस्कार.