कोजागरीच्या अलीकडचं पाणी

(दृश्य : पहाट. नाथसागराचा काठ. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या बाभळी. वल्ह्याचा आवाज.)

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर आपण उभे आहोत. मे महिन्यात याच जागेवरून मोटारसायकली जात होत्या. आता बाभळीचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर दिसतात आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेत.

धरण भरलं की मराठवाड्याला सण झाल्यासारखं होतं. जलपूजन होतं, नारळ वाहतात, आणि दरवाजे उघडल्याची बातमी आली की छत्रपती संभाजीनगरहून गाड्या भरून माणसं पाणी बघायला येतात. नुसतं पाणी बघायला. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल, इथल्या माणसाला वाटत नाही.

काठावर एक भोईमामा जाळं सांधत बसलेत. आम्ही विचारलं, "मामा, यंदा पाणी झकास आलंय. मासळी भरपूर असंल?"

मामांनी वर न बघताच उत्तर दिलं. "पाणी लई आलंय. आता मासा हुडकायचा कुठं?"

(दृश्य : धरणाची भिंत, दरवाजे. वरून दिसणारा जलाशय.)

मामांचं म्हणणं कळायला हे पाणी केवढं आहे ते आधी बघावं लागेल. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरली होती. पुढं जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. जलाशयाला एकनाथ महाराजांचं नाव मिळालं. शंभराहून जास्त गावं या पाण्याखाली गेली.

पूर्ण भरल्यावर हा जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि त्यात १०२ टीएमसीच्या, म्हणजे १०२ अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी मावतं. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर सरासरी खोली येते आठ-साडेआठ मीटर. म्हणजे हा सागर ताटासारखा आहे, पसरट. सपाट माळावर पाणी फूटभर चढलं, तरी काठ कुठल्या कुठं मागं सरकतो. जून महिन्यात खोलगट भागात दाटीवाटीनं राहिलेला मासा आता या सगळ्या पसाऱ्यात पांगला आहे. मामांचं जाळं आहे तेवढंच आहे.

(दृश्य : गढूळ पाणी हातात घेतलेलं. बोटांच्या फटीतून ओघळणारा गाळ.)

हे पाणी मराठवाड्यात पडलेल्या पावसाचं फारसं नाही. ते येतं नाशिककडून गोदावरीनं, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून प्रवरा-मुळेनं. कायगाव टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते, आणि तिथंच नाथसागराचा फुगवटा सुरू झाल्यासारखा वाटतो. वरची धरणं भरल्यावर जे खाली सुटतं, त्यावर नाथसागर भरतो. म्हणून तर १५ ऑक्टोबर ही तारीख इथं पाठ असते. त्या दिवशीच्या साठ्याचा हिशेब होतो, जायकवाडीत ६५ टक्के पाणी आहे की नाही ते बघतात, आणि नसलं तर वरून सोडायची मागणी होते. मग वरचे आणि खालचे वर्तमानपत्रांत भांडतात. भरल्या वर्षी ते भांडण टळतं, एवढाच फरक.

मासेमाराची अडचण वेगळी. पुराच्या पाण्याबरोबर काळ्या मातीचा बारीक कण येतो. वाळू तळाला बसते, हा कण बसत नाही, दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतो. गढूळ पाण्यात ऊन खोलवर जात नाही, शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म जीव वाढत नाहीत, आणि ते खाणारा कटला मासा अजून नीट चरायला लागलेला नसतो. भरीला जलपर्णीचे ताटवे वाहून येतात. जाळ्याला एक ताटवा अडकला की सकाळ त्यातच जाते.

पाणी निवळायला लागतं ते वारं पडल्यावर. पावसाळाभर पश्चिमेचा वारा या उघड्या पाण्यावर लाटा उठवत असतो, त्या काठ खरवडत राहतात. भाद्रपद सरता सरता तो वारा मंदावतो. पाण्याचा रंग चहासारखा होता, तो हळूहळू हिरवट होतो. मामा रोज सकाळी वल्हं पाण्यात उभं धरून बघतात, पातं कितीपर्यंत दिसतं. त्यांचं मोजमाप तेवढंच आहे आणि ते पुरतं.

(दृश्य : बुडालेली झुडपं, बेशरमीची फुलं. पाण्यात हलणारी सावली.)

आता मासा कुठं असतो ते बघू. हिवाळ्यापासून पाणी उतरत जाताना जी जमीन उघडी पडते, तिच्यावर लोक गाळपेर करतात. गहू, हरभरा, टरबूज. पीक निघून जातं, पण धाटं, मुळं, गुरांचं शेण तिथंच राहतं. पावसाळ्यात पाणी परत चढतं आणि ते सगळं कुजायला लागतं. त्यावर किडे, अळ्या, गोगलगायी होतात. मृगळ तळाशी तोंड लावून चरतो, सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, चिखल उकरतो. म्हणून या दिवसांत जाणता माणूस खोल पाण्याच्या नादी लागत नाही. गेल्या हिवाळ्यात कुणाचं शेत कुठं होतं, ते आठवून तो नाव नेतो. मासेमारीला शेजाऱ्याच्या पिकपाण्याची माहिती लागते, हे आम्हालाही इथंच कळलं.

मरळ वेगळी. ती बेशरमीच्या आणि पाणगवताच्या आडोशाला दबा धरून बसते. तिला हवेतला श्वास घेता येतो, त्यामुळं जिथं कुजक्या पाण्यात दुसरा मासा टिकणार नाही, तिथं ती मजेत राहते. तिच्यासाठी जाळं टाकायचं नसतं. बांबूची काठी, नायलॉनचा तंगूस, गळाला बारकं बेडूक किंवा मासोळी, आणि हलायचं नाही. वाम दगडांच्या कपारीत. चिलापी सगळीकडे. १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेला हा मासा पिल्लं तोंडात सांभाळतो, त्यामुळं त्याची वीण वाया जात नाही. जाळ्यात तो आला की मामा तोंड वाकडं करतात, आणि खातातही.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. पैठणला गोदावरीलाही गंगाच म्हणतात, तेव्हा पाहुणे फार लांब आले असं वाटत नाही. पण हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना वाहतं पूरपाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे या कुळातल्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज तलावातलं बीज येतं ते त्या वाटेनं. जिरे, मग बीज, अर्धबोटुकली, बोटुकली. मोठ्या जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते. त्याहून बारीक सोडलं तर मरळीची दिवाळी.

(दृश्य : पहाटे पाण्यावर उठणारे बुडबुडे. काठावर गळ टाकून बसलेली पोरं.)

पोरं पहाटेच येऊन बसलीत. गांडुळं डब्यात, मळलेल्या कणकेच्या गोळ्या कागदात. दोन तास झाले, कुणाच्या गळाला काही लागलेलं नाही. काल दिवसभर आभाळ होतं, त्याचा हा परिणाम.

पाण्यातल्या वनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. दिवसभर ऊन पडलंच नाही तर पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो. त्यात पाणी कोमट. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागं जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला तो नऊपर्यंत जातो. अशा पहाटे मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो. बघणाऱ्याला वाटतं, मासा भुकेला आहे. त्याला खाण्याचं भान नसतं. नऊ-दहा वाजता ऊन चढलं, थोडी झुळूक आली, की तोच मासा कणकेला तोंड लावतो. पोरांना हे कुणी सांगितलेलं नाही, पण दहा वाजेपर्यंत एकही उठलं नाही.

दुपार मात्र धोक्याची. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो, आणि येताना वीज घेऊन येतो. मराठवाड्यात विजेनं माणसं मरतात ती उघड्या रानात, आणि नाथसागराच्या मध्यावर नावेत बसलेल्या माणसाएवढं उघड्यावर दुसरं कोण असणार? उत्तरा सरून हस्त लागला की मामा तीननंतर पाण्यात राहत नाहीत. ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उलटला, पाऊस माघारी गेला, की मग संध्याकाळ मोकळी होते.

(दृश्य : उघडे दरवाजे, फेसाळतं पाणी. खाली जाळी घेऊन उभी माणसं.)

दरवाजे उघडले की खाली गर्दी होते. पाण्याबरोबर मासाही जातो, आणि खालच्या अंगाला माणसं हातात येईल ते जाळं घेऊन उभी राहतात. बघायला गंमत वाटते. वरच्या मासेमाराला ती गंमत नसते, तो त्याचा मासा असतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला, त्यात शेतं खरवडून गेली, जनावरं गेली. त्या दुःखापुढं तलावातल्या माशांची गोष्ट कोण काढणार? पण छोट्या तलावांचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थांनी सोडलेलं बीज अशा वर्षी सांडव्यावरून वाहून जातं. सांडव्याला जाळी लावली तर ती काडीकचऱ्यानं तुंबते आणि फाटते.

आणि पाणी नसलं तर? धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल इथं कुणी विसरलेलं नाही. आटत्या तलावात मासा एका डबक्यात गोळा होतो. जाळं टाकावं आणि भरून ओढावं. काही आठवडे पैसा दिसतो. मग तळाची भेग दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यात शून्यातून सुरुवात. बोटुकली सोडली, तर किलोभराचा मासा व्हायला वर्ष तरी जातं. तेव्हा यंदाच्या या भरल्या पाण्याची कमाई मामांना मिळेल ती पुढच्या उन्हाळ्यात, पाणी उतरताना. आज मिळतं ते घरखर्चापुरतं.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. बाजारातला रिकामा ओटा, बर्फाची पेटी.)

आता या कॅलेंडरकडे बघा, कारण आमच्या मते खरी गोम इथं आहे.

रात्रीच्या जाळ्याला अंधार लागतो. चांदण्यात मासा जाळं बघतो आणि वळतो, पाणी निवळलेलं असेल तर जास्तच. भाद्रपदाचा अंधारा पंधरवडा म्हणजे जाळ्याला सोन्याच्या रात्री. पण तोच पितृपंधरवडा. बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही. सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तुळजापूरच्या भवानीचा हा मुलूख, नऊ दिवस कुणी ओट्याकडे फिरकत नाही. दसऱ्याला घट उठतात, खाणारे परततात, पण पहिला मान मटणाचा. आणि गिऱ्हाईक मासळीकडे वळेपर्यंत चंद्र मोठा झालेला असतो. कोजागरीच्या रात्री सगळा गाव गच्चीवर दूध आटवत बसतो. पाणी काचेसारखं, वर पूर्ण चंद्र, आणि जाळं रिकामं.

अधिक महिना आला की हे सगळं पुढं सरकतं, एवढीच सवलत.

(दृश्य : संध्याकाळ. मामा नावेत जाळं भरताहेत. बोया एका बाजूला, शिशाच्या गोळ्या दुसऱ्या बाजूला.)

कोजागरीनंतरचा चौथा दिवस. आम्ही परत आलोय. वल्ह्याचं पातं आता निम्म्याहून जास्त दिसतं. जाळंही बदललंय, याचा आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, मोठा आहे, चार बोटं सहज आत जातील एवढा. बारका मासा निसटून जावा म्हणून. सगळेच असं करतात असं नाही, मामा करतात.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. दिवस मावळल्यापासून चंद्र वर येईपर्यंत जी काळोखाची फट मिळते, ती रोज थोडी रुंद होत जाते. सांजेला मासा हलतो. त्या फटीत जाळं पाण्यात असलं पाहिजे.

आज संकष्टी आहे. मामींचा उपवास. चंद्रोदय साडेआठच्या सुमारास, कॅलेंडरमध्ये लिहिलंय. मामी दारात उभ्या राहून पूर्वेकडे बघताहेत, कधी उगवतो म्हणून. मामा नाव पाण्यात लोटतात.

"लवकर या," मामी म्हणतात.

"त्याला सांग, सावकाश ये," मामा आभाळाकडे बोट दाखवतात, आणि वल्हं मारतात.

(दृश्य : अंधारात दूर जाणारी नाव. पाण्यात एकामागून एक पडणाऱ्या बोयांचा आवाज.)