कारवान: पळण्यासाठी घडलेला देह

नमस्कार श्रोतेहो.

कारवान जातीचं कुत्रं घेऊन कुणी नवा मालक दवाखान्यात आला, की त्याची पहिली तक्रार मला आधीच ठाऊक असते. "डॉक्टर, खातो चांगला, पण अंगाला लागत नाही." बरगड्या दिसतात, पोट आत ओढलेलं, कमरेची हाडं वर आलेली. शेजारीपाजारी विचारतात, उपाशी ठेवता का हो याला? मी तपासतो, जंताचं औषध कधी दिलंय ते विचारतो आणि बहुतेक वेळा सांगतो, की कुत्रं ठणठणीत आहे. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. त्या दिसेनाशा झाल्या, तर पुन्हा या.

या कुत्र्याचा सगळा देह पळण्यासाठी घडलाय. काही शिकारी कुत्री जमिनीला नाक लावून माग काढतात. कारवान नजरेनं शिकार करतो. डोकं लांब, निमुळतं आणि डोळे जरा बाजूला, त्यामुळे मान न वळवता त्याला फार मोठा टापू दिसतो. छाती खोल, कारण आत हृदय आणि फुप्फुसांना जागा लागते. कणा धनुष्यासारखा वाकतो. भरधाव सुटला, की एकेका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमीन सोडतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. चित्ताही असाच पळतो. नांगरलेल्या रानातून जाणारा कारवान ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी वेगळं काय सांगू?

नाव तांड्यांवरून आलंय. मध्य आशिया, इराण, अरबस्तान या बाजूनं व्यापाऱ्यांचे आणि फौजांचे कारवाँ दख्खनेत आले, त्यांच्यासोबत सालुकी, ताझी अशी सडपातळ कुत्री आली, आणि इथल्या कोरड्या माळांवर ती इथलीच झाली, असं मानलं जातं. आपल्याकडे लातूर, सोलापूर भागात कारवान किंवा कारवानी म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असले, तर तो पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर. पश्मिना शालीतला शब्द तोच. आणि कर्नाटकात हाच मुधोळ हाउंड.

मुधोळ हे घटप्रभेच्या काठचं गाव, घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातल्या बेरडांकडे ही कुत्री शिकारीला पाहिली आणि त्यांची जोपासना सुरू केली. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळचं नाव त्या जातीला चिकटलं, असं सांगतात. माझ्या मनात मात्र राजांच्या आधी ते बेरड, धनगर, शेतकरी येतात. ज्वारी-मक्याची भाकरी आणि ताकदूध घालून त्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. त्यांचं नाव कुठल्या तिकिटावर आलं नाही. कुत्र्याचं आलं, 2005 साली, टपाल खात्याच्या देशी श्वानांच्या मालिकेत. मुधोळजवळ तिम्मापूरला आज या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. मेरठच्या लष्करी केंद्रातही मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी याच रेडिओवरून या जातीचं नाव घेतलं आणि शहरांतून पिल्लांची मागणी वाढली.

इथेच माझी काळजी सुरू होते. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, आणि ते योग्यच झालं. कुत्रं सशामागे सोडणं हासुद्धा गुन्हा आहे. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पाठलागही येतो. पण कुत्र्याच्या रक्तातलं पळणं कायद्यानं थांबत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, आखूड साखळीला बांधलेला कारवान मी पाहतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो एकतर दारं-गाद्या फाडतो, नाहीतर गप्प पडून राहतो. दुसरं म्हणजे शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी होणारा संकर. चार पिढ्या असंच चाललं, तर उन्हातान्हात, साध्या खाण्यावर टिकणारं मूळ रक्त उरणार नाही.

तर पाळायचाच असेल, तर कुंपणाचं मोकळं रान हवं. सकाळी ऊन चढण्याआधी आणि संध्याकाळी, मनसोक्त पळू द्या. उघड्यावर पट्टा सोडू नका. काही हललेलं दिसलं, की तो तुमची हाक ऐकणार नाही. याची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा सहज निसटतो. रुंद पट्टा घ्या. जेवणानंतर लगेच पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून जठराला पीळ बसण्याचा धोका असतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. अंगावर चरबी नाही, म्हणून फरशीवर झोपून कोपरांना घट्टे आणि जखमा होतात. जुनी गोधडी टाका, थंडीत पांघरूणही घाला. शस्त्रक्रिया करायची असेल, तर भूल देण्याआधी कुत्रं कुठल्या जातीचं आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा सडपातळ जातींना काही औषधांची भूल लवकर उतरत नाही. गोचीड रोज बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. रेबीजची लस चुकवू नका.

आणि अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. तो भित्राही नसतो आणि उद्धटही नसतो. माणूस पारखायला वेळ घेतो एवढंच.

माझ्याकडे येणारा एक शेतकरी सुगी झाल्यावर मोकळ्या रानात लांब दोरीला गोणपाटाचा तुकडा बांधतो, मुलगा मोटारसायकलवरून तो ओढतो, आणि दोन्ही कारवान त्यामागे सुटतात. दोन-तीन फेऱ्या झाल्या, की जिभा बाहेर काढून परत येतात, पाणी पितात आणि बाभळीखालच्या गोधडीवर दुपारपर्यंत झोपतात.

नमस्कार.